गोठ्यातली अँबेसेडर: जुनं इंजिन मोजून कसं दुरुस्त करायचं

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात गोठ्याच्या कडेला एक अँबेसेडर बारा वर्षं उभी होती. टपावर तुराट्यांचा भारा, मागच्या सीटवर कुटाराची पोती, काचेवर चिमण्यांची घाण. गाडी १९७७ची, मार्क थ्री. आबाजींनी कापसाच्या पैशातून घेतलेली. ते गेल्यावर तिला कोणी हात लावला नव्हता. यंदा नातवाने मनावर घेतलं. मी पोहोचलो तेव्हा त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडली होती आणि तो किल्ली फिरवायच्या बेतात होता.

"थांब बावा," मी म्हणालो. "आंधी प्लग काढू."

तो थांबला म्हणून ते इंजिन वाचलं. बारा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. एखादा व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये अडकून उघडाच राहिलेला असतो. अशा वेळी सेल्फ मारला तर रिंग तुटते, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी सळई) वाकतो, आणि जे काम साध्या सफाईत भागलं असतं ते लेथपर्यंत जातं. गाडी दोरीने ओढून गिअरमध्ये टाकणं तर त्याहून वाईट, कारण तिथे गाडीचं सगळं वजन त्या चिकटलेल्या रिंगेवर येतं.

मी पंचवीस वर्षं ट्रॅक्टरची आणि जुन्या पेट्रोल गाड्यांची इंजिनं बांधतो आहे. आमच्याकडे जुन्या इंजिनाचं काम निघालं की लोक दोनच शब्द बोलतात, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे ढोबळमानाने हेड, रिंगा, बेअरिंगचे शेल (क्रँकभोवतीच्या पातळ अर्धगोल पट्ट्या). फुल म्हणजे इंजिन खाली उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, हेसुद्धा. यातलं काय करायचं हे बहुतेक वेळा नट खोलायच्या आधीच ठरलेलं असतं, खिशात पैसे किती आणि मेकॅनिकचा अंदाज काय यावर. मला ही पद्धत पटत नाही. आत किती झिजलंय हे मोजता येतं, आणि मोजल्यावर काय करायचं ते आपोआप दिसतं. हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे.

हे इंजिन आहे कोणतं

कलकत्त्याजवळ उत्तरपाडा इथे हिंदुस्तान मोटर्सने १९५८ पासून २०१४ पर्यंत अँबेसेडर बनवली. गाडीचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचा. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजमधलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन एमजीए नावाच्या स्पोर्ट्स गाडीतही होतं. परदेशात त्या गाड्या आजही लोक जिवापाड सांभाळतात, त्यामुळे बी सिरीजचे बरेच भाग आणि मापांची पुस्तकं अजून मिळतात.

ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. चार सिलिंडर, क्रँकला तीन मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. सिलिंडरचा व्यास दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच, म्हणजे ७३.०२५ मिलिमीटर. पिस्टनची धाव साडेतीन इंच. माप मुळात इंचाचं असल्यामुळे लेथवाले या इंजिनाबद्दल थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये सुमारे ०.०२५. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा असतो. पुढचं सगळं याच मापात येणार आहे, म्हणून तो केस लक्षात असू द्या.

अडकलेलं इंजिन सोडवणं

आम्ही चारही प्लग काढले. एअर क्लीनर उघडला तर आत उंदराने घर केलेलं, सरकीसकट कापूस कोंबून बसवलेला. तो तसाच राहिला असता आणि इंजिन चालू झालं असतं तर सरकीचे तुकडे थेट कार्बुरेटरमध्ये गेले असते.

प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन-दोन चमचे पातळ मिश्रण सोडलं. पॉवर स्टेअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल आणि अ‍ॅसिटोन, निम्मं-निम्मं. अ‍ॅसिटोन फटीत शिरतो आणि तेलाला आपल्यासोबत आत नेतो. हे काम आगपेटीपासून लांब आणि उघड्यावर करायचं. मग आठ दिवस कोणी हात लावायचा नाही, रोज संध्याकाळी थोडं मिश्रण घालायचं एवढंच.

दरम्यान वरचं झाकण काढून रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा, उतरवला. त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात आणि क्रँक फिरवताना फक्त पिस्टन हलतात, वाकायला पुशरॉड मधे राहत नाही. पुशरॉड काढून पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात क्रमाने खोचले. जो पुशरॉड, त्याच्या खालचा कॅमवर घासणारा जो टॅपेट ज्या जागेवर घासला गेला त्याच जागेवर परत गेला पाहिजे. नट-बोल्ट कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांत भरून वर मार्करने नाव लिहिलं. त्या घरात अशी पाकिटं ढिगाने होती.

नवव्या दिवशी स्टार्टिंग हँडल लावलं. जोर लावायचा नाही, पुढे-मागे नुसतं झुलवायचं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ आवळून अंगठा पलीकडून घातला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. प्लग काढलेले असताना झटका येत नाही, पण सवय पहिल्यापासून लागलेली बरी. दहा-पंधरा मिनिटं झुलवल्यावर आतून कुरकुर आवाज आला आणि क्रँक पाव फेरा सरकला. तासाभरात पूर्ण फिरला.

खोलण्याआधीची तपासणी

जुनं तेल सोडून नवं घातलं, रॉकर परत बसवला आणि कॉम्प्रेशन मोजलं. प्लगच्या भोकात मीटर लावायचा, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि सेल्फने पाच-सहा फेरे. आकड्यापेक्षा आकड्यांतला फरक महत्त्वाचा. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले तर झीज सारखी आहे. आमचे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला पौंड, आले ११०, १०५, ६० आणि १०८.

तिसऱ्याचा दाब कुठून जातोय हे शोधायला त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजलं. तेल रिंगेभोवती पसरतं आणि थोडा वेळ फट बुजवतं. आकडा वाढला तर गळती रिंग किंवा भिंतीतून, वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅसकेटमधून. तिसरा ६० वरून ९५ वर गेला. म्हणजे दोष खाली होता.

ज्यांची गाडी चालू स्थितीत आहे त्यांनी धूर पाहावा. जोर लावल्यावर निळा धूर आला तर रिंगा. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळा लोट आला तर व्हॉल्व्हचे गाइड. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि तेल दुधाळ झालं तर पाणी आत शिरतंय.

बोअर: चोवीस आकडे

इंजिन बाहेर काढायला गोठ्याच्या मयालीला चेन कप्पी बांधू, असं पोरगा म्हणत होता. मी नाही म्हटलं. त्या मयालीने बारा वर्षं वाळवी सोसली होती आणि इंजिनाखाली माणसाचे हात असतात. तालुक्यातून लोखंडी तिवई भाड्याने आणली.

हेड उतरल्यावर मी त्याला म्हटलं, "भिंतीवर बोट फिरवून पाह्य, खालून वर."

त्याचं बोट वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर अडलं. "कंगोरा लागते काका."

हा कंगोरा समजला की सिलिंडरची झीज समजली. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. रिंग सरकत असते तोवर ती तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असते. थांबली की पापुद्रा फाटतो. नेमक्या त्याच क्षणी वर पेट्रोलचा भडका होतो, दाब सर्वात जास्त असतो, आच सर्वात जास्त असते, आणि तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. म्हणून भिंत सर्वात जास्त झिजते ती रिंग जिथवर पोहोचते त्या वरच्या पट्ट्यात. त्याच्या वर रिंग जातच नाही, तिथे मूळ माप जसंच्या तसं राहतं. त्या न झिजलेल्या कडेचा कंगोरा बनतो. खाली जावं तशी झीज कमी होत जाते, म्हणून जुना सिलिंडर सरळ नळी न राहता वर रुंद आणि खाली अरुंद होतो.

दुसरी गोष्ट. कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा तो पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर ढकलतो, गाडीच्या आडव्या दिशेने. त्या बाजूला झीज जास्त. म्हणजे गोल भोक थोडं लंबगोल होतं. म्हणून एकाच जागी माप घेऊन उपयोग नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मधे, खाली अशा तीन पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर गाडीच्या लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने मोजायचं. सिलिंडरमागे सहा आकडे, चारांचे चोवीस.

बोअर डायल गेज माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना एक जुनी युक्ती सांगतो. एक चांगली रिंग सिलिंडरमध्ये उपड्या पिस्टनने सपाट ढकलायची, तळाशी नेऊन तिच्या तोंडाची फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजायची, मग वर आणून मोजायची. व्यास वाढला की घेर तिप्पट वाढतो, म्हणून दोन फटींतला फरक भागिले तीन म्हणजे झीज. नऊ थाऊचा फरक आला तर वरचा व्यास तीन थाऊने वाढलाय. लंबगोलपणा यात कळत नाही, पण घरच्या घरी एवढं कळणंही खूप आहे.

आमच्या वहीत पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर सहा थाऊच्या आत आले. एवढीच झीज असती तर कंगोरा काढून, होनिंग करून (दगडाने भिंत हलकी घासून), नव्या रिंगा टाकून गाडी आणखी काही वर्षं चालली असती. कंगोरा न काढता मात्र नवी रिंग कधीच टाकायची नाही. जुन्या रिंगेची वरची कड झिजून गोल झालेली असते, ती कंगोऱ्याखाली बसते. नवी रिंग कोऱ्या कडेची असते, ती कंगोऱ्याला धडकते आणि तुटते.

तिसऱ्यात मधोमध गंजाचा एक पट्टा होता, रिंगांच्या जागी. टॉर्च लावल्यावर भिंतीत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. खोली सहा-सात थाऊ. त्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यातून बारा पावसाळ्यांची दमट हवा आत जात राहिली.

इथे हिशेब सोपा आहे. या इंजिनाला १०, २०, ३० आणि ४० थाऊ जादा मापाचे पिस्टन असतात. १० थाऊचा बोअर म्हणजे व्यासात दहा, भिंतीच्या प्रत्येक बाजूने फक्त पाच. सहा-सात थाऊचे खड्डे त्यात निघत नाहीत. २० थाऊ केलं तर बाजूला दहा जातात, खड्डे साफ होतात. चारही पिस्टनचं माप आणि वजन सारखं राहावं म्हणून चारही सिलिंडर २० थाऊवर न्यायचं ठरलं. तिसऱ्यात स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून बाकीचे तसेच ठेवणं हाही मार्ग होता. बाकीचे कोरे असते तर मी तोच निवडला असता.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण ती मी भोगली आहे. पूर्वी एका जीपचं काम करताना ब्लॉक लेथवर दिला, त्यांनी २० थाऊ बोअर केला, आणि मग कळलं की २०चे पिस्टन बाजारात नाहीत, फक्त ३०चे आहेत. पुन्हा बोअर करावा लागला. दहा थाऊ लोखंड फुकट गेलं, ते कोणी परत लावून देत नाही. तेव्हापासून पिस्टन आधी हातात घेतो, ते लेथवाल्याच्या समोर ठेवतो आणि सांगतो, याला मोजून बोअर कर. पिस्टनच्या खोक्यावरचा आकडा आणि खरा पिस्टन यात फरक निघू शकतो.

आणि ब्लॉक टिकवायला आणखी एक कारण आहे. इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. दुसऱ्या गाडीचं चालू इंजिन उचलून टाकणं स्वस्त वाटतं, पण मग कागदपत्रांची दुरुस्ती मागे लागते आणि गाडी तिची राहत नाही.

क्रँक घासायचा की नाही

क्रँक बेअरिंगला टेकून फिरत नाही. पंपाने दाबाने सोडलेल्या तेलात तो तरंगतो. बेअरिंगचा शेल आणि क्रँक यांच्यात दीड-दोन थाऊची फट असते आणि ती तेलाने भरलेली असते. फट वाढली की तेल कडेने निसटतं, दाब पडतो आणि आपल्याला खालून ठोका ऐकू येतो.

फट मोजायला प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, बेअरिंगची टोपी मॅन्युअलमधल्या ताकदीने आवळायची, परत खोलायची. धागा चपटा होऊन जितका रुंद होतो त्यावरून पाकिटावरच्या पट्टीवर फट वाचता येते. मधे क्रँक फिरवायचा नाही. सोबत मायक्रोमीटरने क्रँक स्वतः गोल आहे का ते पाहायचं.

आमचा क्रँक एका थाऊच्या आत गोल निघाला, नखाला लागेल असा ओरखडाही नव्हता. फुल इंजिनच्या हिशेबाने तो घासायला गेलाच असता. मी घासू दिला नाही. नवे शेल मूळ मापाचे टाकले, तेवढ्यात फट बरोबर आली. क्रँकलाही १०, २०, ३०, ४० अशा चारच पायऱ्या असतात. गरज नसताना एक पायरी उतरलात तर ती या गाडीच्या आयुष्यातून कमी झाली.

मागच्या बाजूने तेल गळण्याची तक्रार या इंजिनांना जन्मापासून आहे. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, स्क्रूसारखी आटी आहे, जी फिरताना तेल परत आत ओढते. थोडं गळणारच. खाली पुठ्ठा ठेवा.

हेड आणि शिसं

१९७७ साली पेट्रोलमध्ये शिसं असे. त्याचा थर एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तो गरम व्हॉल्व्ह आणि बीड एकमेकांना चिकटू देत नसे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोलच मिळतं. या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका सरळ बिडात कोरलेल्या आहेत, वेगळी रिंग नाही. शिसं गेल्यावर लांब पल्ल्याच्या वेगात त्या हळूहळू खचतात, टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली) आपोआप कमी होते आणि व्हॉल्व्ह जळतो. हेड उतरलंच आहे तर एग्झॉस्टच्या चार बैठकांना कडक लोखंडाच्या रिंगा बसवून घ्या. त्याच फेरीत दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत चीर आहे का ते तपासायला सांगा.

व्हॉल्व्ह घासून झाल्यावर हेड उपडं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओता. दहा मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली नाही तर बसक चांगली.

खारं पाणी

ही गोष्ट आमच्या भागाची आहे आणि पुस्तकांत सापडत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. माणसं ते पीत नाहीत, पण रेडिएटरमध्ये तेच ओतलं जातं. क्षार बिडाला झपाट्याने गंजवतो. पाणी वाफ होऊन उडतं, आपण पुन्हा भरतो, आणि दर वेळी आधीचा क्षार आतच राहतो.

ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात. त्या काढल्या तेव्हा चौथ्या सिलिंडरभोवती पाण्याला जागाच नव्हती. तपकिरी चिखल वाळून दगड झाला होता. पाण्याचा पंप पुढे असतो, मागे प्रवाह मंद, म्हणून गाळ मागे बसतो. वाकवलेल्या तारेने आणि पेचकसाने खरवडून दोन घमेली निघाली नाहीत, पण एक नक्की भरलं. गाडी गरम होते म्हणून लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, आणि हा दगड आत तसाच राहतो.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धतही आमच्याकडे सर्रास आहे. मी तो परत बसवतो. चांगला थर्मोस्टॅट तापल्यावर पूर्ण उघडतोच, तो गाडी तापवत नाही. काढला तर हिवाळ्याच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहतं, तेलात पाणी आणि पेट्रोल साचतं आणि सिलिंडर लवकर झिजतो. आतून ब्लॉक साफ असेल, रेडिएटरच्या नळ्या मोकळ्या असतील तर मे महिन्यातल्या ४५ अंशांतही ही गाडी चालते. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या आणि त्यात कूलंट घाला. तेही नसेल तर टिनावरून पडलेलं पावसाचं पाणी, पहिल्या दोन सरी सोडून साठवलेलं, विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

धुणं

लेथवरून आलेला ब्लॉक चकचकीत दिसतो, पण त्याच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघांत घासण्याच्या दगडाची भुकटी बसलेली असते. या रेघा मुद्दाम केलेल्या असतात, त्यात तेल टिकतं. भुकटी राहिली तर नव्या रिंगा फार लवकर झिजतात. रॉकेलने किंवा पेट्रोलने ती निघत नाही, उलट रेघांत आणखी आत जाते.

आम्ही अंगणात चुलीवर हंडाभर पाणी तापवलं, कपड्याचा साबण आणि ब्रश घेतला, आणि पोराच्या आईनेही हात लावला. धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावलेलं पांढरं धोतराचं फडकं भिंतीवर फिरवायचं. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवायचं. पाचव्या वेळी ते पांढरं राहिलं. तेलाच्या नळ्यांत तार आणि हवा मारली. कोरडं होताच लगेच तेल लावलं, कारण धुतलेलं बीड अर्ध्या तासात लाल व्हायला लागतं.

बांधणं आणि पहिला आवाज

रिंगांची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये घालून मोजली. ७३ मिलिमीटरच्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. रिंग तापून लांबते. फटच नसेल तर दोन्ही टोकं भिडतात आणि रिंग भिंत खरवडते. टायमिंग चेनचे ठिपके समोरासमोर, प्रत्येक बेअरिंगला तेल, हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने.

टॅपेटसाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट लावायची, सातवा दाबला की दुसऱ्याची, तिसरा दाबला की सहाव्याची. बेरीज नेहमी नऊ. शंका आली तर फट किंचित जास्त ठेवा. वाजणारा टॅपेट कान खातो, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह खातो.

पेट्रोलच्या बाजूने रबर सगळं नवं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (आतला रबरी पडदा) आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे त्यात हवा जास्त होते. एसयू कार्बुरेटरमध्ये खालचा जेटचा नट त्याच्या सहा बाजूंपैकी एक-दोन बाजूंइतका खाली फिरवला की ते भरून निघतं.

सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फने इंजिन फिरवलं, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. मग प्लग लावले. संध्याकाळ होती, पोराची आजी ओट्यावर येऊन बसली होती. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. लगेच थ्रॉटल उचलून वीस मिनिटं दोन हजारच्या वर ठेवलं, कारण नवे भाग मंद आयडलिंगवर नीट बसत नाहीत, आणि कॅमला तेल उडून पोहोचायला वेग लागतो. तेल २०डब्ल्यू-५०, साधं खनिज तेल. पहिले पाचशे किलोमीटर चढ-उतार असलेल्या रस्त्यावर, एकाच वेगात नाही. रिंगा भिंतीवर बसतात त्या दाबाने, त्यामुळे अधूनमधून जोर द्यायचा आणि पाय काढायचा.

गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासले. पाचशे किलोमीटरला तेल सोडलं तेव्हा ते परातीत घेऊन त्यात लोहचुंबक फिरवला. त्याला करड्या लोण्यासारखा पातळ लेप चिकटला, कण एकही नव्हता. पोराने तो फडक्याला पुसला, वहीत चोवीस आकड्यांच्या पानाखाली तारीख आणि किलोमीटर लिहिलं आणि नवं तेल ओतायला घेतलं.